‘पहिला’ या शब्दाची किंमत : चौपदरी ड्रॅग शर्यत आणि माझे एक चुकलेले वाक्य

१/
दोन वर्षांपूर्वी याच मालिकेत मी एक वाक्य लिहिले होते : ‘जगातील पहिली चौपदरी ड्रॅग शर्यत २०१० साली अमेरिकेत झाली.’ वाक्य आटोपशीर होते. त्यात साल होते, देश होता आणि ‘जगातील पहिली’ हे शब्द होते. साहजिकच ते पुष्कळ फिरले. आजचा धागा ते वाक्य मागे घेण्यासाठी आहे. पण नुसती दिलगिरी व्यक्त करून थांबण्यापेक्षा, ती चूक तपासताना जे हाती लागले तेही तुमच्यापुढे ठेवावे, असे वाटले.

२/
चूक दाखवली ती एका वाचकाने. मूळचे साताऱ्याकडचे, आता कॅलिफोर्नियात स्थायिक झालेले एक निवृत्त अभियंते. त्यांनी लिहिले, “तुमच्या त्या एका ओळीने माझे म्हातारे घरमालक इतिहासातून बाद झाले.” विद्यार्थिदशेत ते ज्यांच्या घरी भाड्याने राहत, ते गृहस्थ तरुणपणी, १९३० च्या दशकात, म्युरॉकच्या कोरड्या तलावावर मोटारी पळवत असत. एकेक करून नव्हे, तर अनेक मोटारी एका रेषेत, शेजारी शेजारी.

३/
काकांनी पुढे लिहिले होते की, हे ऐकून आपण घरमालकांना गावाकडच्या बैलगाडा शर्यतींचे वर्णन करून सांगितले होते. आपल्याकडे पुणे जिल्ह्यातील घाटात गाडा एकटा सुटतो आणि त्याची झुंज घड्याळाशी असते. सातारा-सांगलीच्या मैदानात मात्र आखलेल्या चाकोऱ्यांतून अनेक गाडे एकदम सुटतात आणि डोळ्यांदेखत निकाल लागतो. घरमालक हसले आणि म्हणाले, आम्ही तुमच्या मैदानवाल्यांपैकी.

४/
माझे पहिले उत्तर आज आठवले की संकोच वाटतो. मी लिहिले, “काका, ती ड्रॅग शर्यत नव्हे. तिथे मोटारी धावत्या स्थितीतून सोडत आणि अंतरही वेगळे असे.” व्याख्येच्या दृष्टीने ते बरोबर होते. त्यांचे उत्तर तीन शब्दांचे आले : “मग तसे लिहा.” त्या तीन शब्दांनी मला पुन्हा कामाला लावले.

५/
आधी व्याख्या. ड्रॅग शर्यत म्हणजे थांबलेल्या स्थितीतून सुटून सरळ पट्ट्यावर ठरावीक अंतर सर्वांत आधी कापणे. पारंपरिक अंतर पाव मैल, म्हणजे १३२० फूट किंवा सुमारे ४०२ मीटर. वळण नाही, फेऱ्या नाहीत. सामान्यतः दोन मोटारी दोन मार्गिकांतून सुटतात, हरणारा बाद होतो आणि जिंकणारा पुढच्या फेरीत जातो. आजची सर्वांत बलाढ्य मोटार १००० फुटांचे अंतर चार सेकंदांच्या आत संपवते.

६/
या खेळाची मुळे दक्षिण कॅलिफोर्नियातील मोहावे वाळवंटात आहेत. तेथील कोरडे तलाव म्हणजे मैलोन् मैल पसरलेली, घट्ट चिकणमातीची सपाट जमीन. १९३० च्या दशकात तरुण मुले जुन्या फोर्ड मोटारी उघड्यावाघड्या करून तिथे नेत. आधी प्रत्येकाचा वेग मोजला जाई. मग साधारण सारख्या वेगाच्या मोटारींचे गट करून त्या एकाच वेळी सोडल्या जात. रुंदीची तिथे कमतरता नव्हतीच.

७/
अडचण धुळीची होती. आघाडीच्या मोटारीला समोर मोकळे दिसे, तर तिच्या मागे पडलेल्याला तांबूस भिंतीखेरीज काही दिसत नसे. अपघात होत. १९३७ साली सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन झाली आणि तलावावरच्या शर्यतींना शिस्त आली. पुढे गटाने पळण्याची पद्धत मागे पडून एकेका मोटारीने घड्याळाविरुद्ध धावण्याची पद्धत रुजली. आपल्या भाषेत सांगायचे तर मैदान संपले आणि घाट सुरू झाला.

८/
इथे माझ्या मनातले एक गृहीत कोसळले. मला वाटत होते की आधी एक, मग दोन, मग चार अशी मार्गिकांची सरळ चढण असणार. प्रत्यक्षात आरंभ अनेकांनी एकदम पळण्यापासून झाला. धुळीने आणि अपघातांनी ती संख्या एकावर आणली, ड्रॅग शर्यतीने ती दोनांवर स्थिर केली आणि चार ही फार उशिरा, फार वेगळ्या कारणाने आली. इतिहासाच्या पायऱ्या आपण पाहतो तेव्हा त्या बऱ्याचदा आपणच बांधलेल्या असतात.

९/
म्युरॉकचा तलाव पुढे लष्कराने ताब्यात घेतला. आज तिथे एडवर्ड्स हवाई तळ आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर परतलेल्या तरुणांच्या हाती थोडे पैसे आणि यंत्रांचे ज्ञान होते. शहरांच्या रस्त्यांवर चोरून शर्यती होऊ लागल्या, पोलीस मागे लागले, वृत्तपत्रे रागावली. त्याच वेळी युद्धासाठी बांधलेल्या अनेक विमानतळांवरच्या धावपट्ट्या ओस पडल्या होत्या. ड्रॅग शर्यत या दोन गोष्टींच्या संगमावर जन्मली.

१०/
पण नेमकी कुठे? पहिला वाद इथेच. एक पक्ष सांताबार्बराजवळच्या गोलीटाचे नाव घेतो. १९४९ च्या एप्रिलमध्ये तेथील विमानतळालगतच्या रस्त्यावर फ्रॅन हर्नांडेझ आणि टॉम कॉब्ज यांच्यात गाजलेली लढत झाली. कॉब्ज यांच्या इंजिनाला जादा हवा कोंबणारा सुपरचार्जर होता, तर हर्नांडेझ यांच्या टाकीत नायट्रोमिथेन. हर्नांडेझ जिंकले.

११/
दुसरा पक्ष सांताआनाचे नाव घेतो. १९५० च्या उन्हाळ्यात सी. जे. ऊर्फ ‘पॅपी’ हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील विमानतळाच्या वापरात नसलेल्या धावपट्टीवर नियमित शर्यती सुरू केल्या. ५० सेंट शुल्क, दर आठवड्याला ठरलेला दिवस आणि वेग मोजणारे घड्याळ. आज त्या परिसरात ऑरेंज काउंटीचा जॉन वेन विमानतळ आहे. तिथून उडणाऱ्या किती प्रवाशांना याची कल्पना असेल?

१२/
मग पहिले कोण? ‘पहिली गाजलेली ठरवून झालेली लढत’ म्हटले तर गोलीटा. ‘पहिली नियमित, व्यावसायिक ड्रॅग स्ट्रिप’ म्हटले तर सांताआना. दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही. विशेषण बदलले की मुकुट दुसऱ्याच्या डोक्यावर जातो, एवढेच.

१३/
हा पेच मराठी वाचकाला नवा नाही. ‘पहिला भारतीय चित्रपट’ म्हटले की आपण दादासाहेब फाळके यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ सांगतो. त्यावर कोणीतरी दादासाहेब तोरणे यांच्या १९१२ च्या ‘श्री पुंडलिक’ची आठवण करून देतो. मग तिसरा म्हणतो की, ते तर रंगभूमीवरच्या नाटकाचे चित्रीकरण होते. हा वाद तारखांचा नाहीच. दोन्ही तारखा सर्वांना मान्य आहेत. वाद ‘चित्रपट’ या शब्दाचा आहे.

१४/
ड्रॅग शर्यतीत असे शब्दवाद पुष्कळ सापडतात. १९५१ साली वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ च्या सप्टेंबरमध्ये कॅन्सस राज्यातील ग्रेट बेंड येथे भरली. पावसाने ती पूर्ण होऊ दिली नाही. उरलेल्या लढती नोव्हेंबरमध्ये ॲरिझोना राज्यात झाल्या आणि कॅल्विन राइस विजेते ठरले. आता सांगा, पहिली राष्ट्रीय स्पर्धा कोणत्या गावाची?

१५/
दुसऱ्या प्रकारचा वाद अधिक बोचरा आहे. त्यात शब्दांबद्दल सर्वांचे एकमत असते, शंका असते ती पुराव्याबद्दल. पाव मैलाच्या पट्ट्यावर ताशी २०० मैलांचा वेग सर्वप्रथम कोणी गाठला? शिकागोचे ख्रिस कॅरामसिनिस यांच्या नावावर १९६० साली इलिनॉय राज्यातील ऑल्टन येथे ताशी २०४.५४ मैल, म्हणजे सुमारे ३२९ किलोमीटर, अशी नोंद सांगितली जाते.

१६/
त्या काळी इतर मातब्बर मोटारी या आकड्याच्या पुष्कळ खाली होत्या. त्यामुळे घड्याळाबद्दल शंका घेतली गेली आणि ती कधीच पुरती फिटली नाही. अधिकृत मान मिळाला तो डॉन गार्लिट्स यांना. १९६४ च्या ऑगस्टमध्ये न्यू जर्सीतील ग्रेट मेडोज येथे त्यांनी ताशी २०१.३४ मैलांची, म्हणजे सुमारे ३२४ किलोमीटरची, नोंद केली. म्हणजे नंतर आलेला आणि लहान असलेला आकडा ‘पहिला’ ठरला.

१७/
हा अन्याय आहे का? या खेळात राष्ट्रीय विक्रमासाठी एक नियम आहे : एकदा गाठलेली कामगिरी त्याच स्पर्धेत एक टक्क्याच्या आत पुन्हा करून दाखवावी लागते. घड्याळ एकदा चुकू शकते, दोनदा त्याच बाजूला चुकणे कठीण. हा नियम मला इतिहासलेखनालाही लागू वाटतो. एकच साक्ष ही बातमी असते. दुसरी स्वतंत्र साक्ष मिळाली की तिचे वजन वाढते.

१८/
याच्या उलट उदाहरणही पाहा. ताशी ३०० मैलांचा टप्पा केनी बर्नस्टीन यांनी २० मार्च १९९२ रोजी फ्लोरिडातील गेन्सव्हिल येथे ओलांडला. नोंद ३०१.७० मैल. याबद्दल कोणी भांडत नाही. राष्ट्रीय स्पर्धा, अधिकृत कालमापन आणि साक्षीला भरलेले प्रेक्षागृह. पराक्रमाइतकीच त्याची जागा महत्त्वाची ठरली. कॅरामसिनिस यांच्या वेळी ही व्यवस्था असती, तर निकाल कोणत्याही बाजूने का होईना, लागला असता.

१९/
तिसरा प्रकार मला सर्वांत अस्वस्थ करतो. त्यात विशेषण गळून पडते आणि त्याबरोबर माणसेही गळतात. शर्ली मलडाउनी यांना अनेकदा ‘ड्रॅग शर्यतीतील पहिली महिला’ म्हटले जाते. त्या थोर आहेतच. १९७७ साली टॉप फ्युएल या सर्वोच्च गटाचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारी पहिली महिला त्याच. पण वाक्यातून ‘टॉप फ्युएल’ आणि ‘विजेतेपद’ हे शब्द गळाले की काय होते, ते पाहा.

२०/
‘पॅपी’ हार्ट यांच्या पत्नी पेगी हार्ट १९५० च्या दशकातच सांताआनाच्या पट्टीवर मोटार पळवत होत्या. कॅरल कॉक्स यांनी १९६१ साली पोमोना येथील राष्ट्रीय स्पर्धेत आपल्या मोटारीच्या वर्गात विजय मिळवला. १९६४ साली बार्बरा हॅमिल्टन यांना सुपरचार्जर लावलेली मोटार चालवण्याचा परवाना मिळाला. १९६६ साली शर्ली शहान यांनी पोमोनालाच टॉप स्टॉक गटाची अंतिम लढत जिंकली. एक ढिले वाक्य आणि चार बायका अदृश्य.

२१/
आता माझ्या चौपदरी वाक्याकडे येऊ. नॉर्थ कॅरोलिनातील कॉन्कर्ड येथे शार्लट मोटर स्पीडवेचे मालक ब्रूटन स्मिथ यांनी ड्रॅग स्ट्रिप बांधायचे ठरवले, तेव्हा नगरपालिकेने विरोध केला. स्मिथ यांनी आपला सगळा स्पीडवेच दुसरीकडे हलवण्याची धमकी दिली. शेवटी तडजोड झाली आणि २००८ साली झीमॅक्स ड्रॅगवे उभा राहिला. पूर्ण काँक्रीटचा आणि दोनऐवजी चार मार्गिकांचा.

२२/
चार मार्गिका कशासाठी? म्युरॉकला रुंदी निसर्गाने दिली होती. इथे ती एका धाडसी आयोजकाने प्रेक्षकांसाठी विकत घेतली. दोन नायट्रो मोटारी सुटल्या की छातीत कंप होतो, चार सुटल्या तर काय होईल? २००९ साली चार मोटारींची प्रात्यक्षिक धाव झाली आणि २०१० पासून ‘फोर-वाइड नॅशनल्स’ ही अधिकृत स्पर्धा सुरू झाली. २०१८ पासून लास वेगासच्या पट्टीवरही चार मार्गिका आल्या.

२३/
चौपदरीत खेळाचे गणितच बदलते. सोळा मोटारींचे चार-चारचे गट. प्रत्येक गटातून पहिले दोघे पुढे जातात. सोळाचे आठ, आठाचे चार आणि अंतिम लढतीत चौघांतून एक विजेता. दुपदरी स्पर्धेत सोळांतून विजेता मिळायला चार फेऱ्या लागतात, इथे तीन पुरतात. आणि गंमत अशी की, शेवटची लढत वगळता इथे दुसरा येणाराही जिंकलेलाच असतो.

२४/
सुटण्याची व्यवस्थाही किचकट होते. पूर्वी झेंडेवाला उडी मारून झेंडा हलवी. १९६३ च्या राष्ट्रीय स्पर्धेपासून ‘ख्रिसमस ट्री’ नावाचा दिव्यांचा खांब आला. मोटार रेषेवर आली की वरचे लहान दिवे लागतात, मग पिवळे एकदम चमकतात आणि वरच्या गटांत ०.४ सेकंदांनी हिरवा. चौपदरीत आपले दिवे कोणते हे ओळखायचे आणि उरलेले तिघे रेषेवर येईपर्यंत थोपवून धरायचे. मुरलेले चालकही इथे गोंधळले.

२५/
म्हणजे २०१० चे महत्त्व खरे आहे. मी चुकलो तो दोन ठिकाणी. ‘अधिकृत राष्ट्रीय स्पर्धा’ हे शब्द गाळले आणि त्यांच्या जागी ‘जगातील’ हा शब्द घातला. पहिल्या शब्दांना आधार होता, दुसऱ्याला नव्हता. आयोजकांची जाहिरात याबाबतीत माझ्यापेक्षा सावध होती. त्यांच्या दाव्यात ‘पूर्ण काँक्रीटची’ हे विशेषण असे. जाहिरात लिहिणारा जे विशेषण जपतो, ते इतिहास लिहिणाऱ्याने सांडावे, याची लाज वाटली.

२६/
विशेषण का गाळले, हेही प्रामाणिकपणे सांगतो. त्याने वाक्य लांबत होते आणि लांब वाक्य फिरत नाही. ‘जगातील पहिली’ म्हटले की लोक थांबतात. ‘या संघटनेच्या राष्ट्रीय मालिकेतील पहिली अधिकृत चौपदरी स्पर्धा’ म्हटले की अंगठा पुढे सरकतो. माझी चूक अज्ञानातून झाली असती तर ती क्षम्य होती. ती झाली थोड्या अधिक टाळ्यांसाठी.

२७/
आता ‘पहिला’ हा शब्द लिहिण्याआधी मी स्वतःला चार प्रश्न विचारतो. पहिला नेमका काय? मोजले कोणी आणि कशाने? दुसरी स्वतंत्र साक्ष आहे का? आणि हा शब्द लिहिल्याने आधीचे कोण पुसले जाते? पहिले तीन प्रश्न कोणताही चांगला शिक्षक शिकवील. चौथा मला काकांनी शिकवला.

२८/
तर दुरुस्त वाक्य असे : ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशनच्या राष्ट्रीय मालिकेतील पहिली अधिकृत चौपदरी स्पर्धा २०१० साली कॉन्कर्ड येथे झाली. मात्र अनेक मोटारी शेजारी शेजारी पळवण्याची रीत कॅलिफोर्नियाच्या कोरड्या तलावांवर १९३० च्या दशकातही होती.’ जुन्या धाग्याखाली हे जोडले आहे. जुने वाक्य मुद्दाम पुसलेले नाही. चूक दिसत राहावी.

२९/
हे वाक्य मी काकांना पाठवले. त्यांचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले. त्यासोबत एका जुन्या छायाचित्राची प्रत होती : सपाट पांढरी जमीन, चाकांवर छप्पर नसलेल्या पाच मोटारी एका रेषेत आणि त्यांच्यामागे नुकतीच उठू लागलेली धूळ. मागच्या बाजूला साल नाही, नावे नाहीत. डावीकडून दुसरी मोटार घरमालकांची, एवढे काकांना आठवते.

३०/
हे छायाचित्र मी ‘पहिल्या’ कशाचाही पुरावा म्हणून वापरणार नाही. त्यावर साल नाही आणि साक्ष एकाच माणसाच्या स्मरणाची आहे. वर सांगितलेला नियम आपल्या माणसालाही लागू व्हायला हवा. पण ते माझ्या टेबलासमोर लावले आहे. पुढचा धागा लिहिताना ‘सर्वप्रथम’ हा शब्द बोटांवर येईल, तेव्हा नजर आधी त्या पाच मोटारींवर जावी.

तुमच्या वाचनात असा एखादा वादग्रस्त ‘पहिला’ आला असेल, तर त्याच्या विशेषणासह खाली जरूर लिहा.